तानीचं तिसरं दान

त्या दिवशी तू दोन दानं टाकलीस आणि तिसरं राखून ठेवलंस.

दुपारची भाकरी होऊन बराच वेळ झाला होता. सोप्यात पट मांडलेला. ऊन उंबऱ्यावरनं खाली उतरलं होतं आणि गोठ्यात म्हैस हंबरायला लागली होती. तुझी लाल सोंगटी, तानी, फुलीच्या एकच घर अलीकडं होती. फुलीवर गेली असती तर कुणालाच तिला मारता आलं नसतं. मी तिला तिथंच गाठली आणि मारली. मिशीत हसलो पण. तुझ्या पहिल्या दानाला सहातल्या दोन कवड्या उताण्या पडल्या, दुसऱ्याला पुन्हा दोनच. तिसऱ्यासाठी तू कवड्या मुठीत घेतल्यास, हलवल्यास आणि परत खाली ठेवल्यास.

"ऱ्हाऊ द्या. धार काढायची हाय. तिसरं उद्या टाकीन."

"भ्यालीस?"

"भ्याचं काय त्यात. हात गार पडल्यात. गार हातानं दान पडत न्हाई. आन माघारी पटाला हात लावू नगा. तुमची खोड मला ठावं हाय."

मग तू पटावर कोंबड्यांचं डालगं उपडं घातलंस, वर एक धोंडा ठेवलास आणि चरवी घेऊन गेलीस. तो डाव म्हणजे आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला तुझ्या छातीत कळ आली. उसाच्या ट्रॅक्टरवरनं कडेगाव, तिथनं जीपनं कराड. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. असेल. भाग्य तुझं झालं, माझं काय झालं ते कुणी बोललं नाही.

डालग्याखाली पट तसाच होता. शेजारची हौसावैनी तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भावजी, पट गुंडाळा. सुतकात मांडून ठेवत न्हाईत." मी म्हणालो, डाव चालू आहे. पोरगा त्याचं सोनं गाळायचं दुकान बंद करून दीड हजार मैलांवरनं आला होता. तो म्हणाला, "बाबा, हितं येकटं काय करता, माझ्याबरुबर चला." त्यालाही मी तेच सांगितलं. त्यानं हौसाकडं बघितलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असणार. त्याला काय ठाऊक. तो पहिल्यांदा तिकडं कामाला गेला, त्यानंतरच आपला हा खेळ सुरू झाला होता.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील गं. म्हातारा-म्हातारी सोंगट्या खेळतात, इथवर ठीक. पण आपल्या सोंगट्यांना नावं होती, गावं होती आणि त्यांच्या मरणाचे कायदे होते.

दुष्काळाच्या साली सुरुवात झाली. विहिरीत पाणी नव्हतं, रानात काम नव्हतं. सकाळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि घरी येऊन आभाळाकडं बघत बसायचं. तू तुझ्या माहेरचा कापडी पट ट्रंकेतनं काढलास. तीन दिवस मी तुला सारखा हरवला. चौथ्या दिवशी तू म्हणालीस, "सोंगटी म्हंजे काय वो?"

"लाकडाचा तुकडा."

"सोंगटी म्हंजे सोंग. सोंग घेतलं की त्याला नाव लागतं. नाव न्हाई, गाव न्हाई, आन तुमी नुसतं मारत सुटलाय. कुणाला मारलं ते तरी कळू द्या."

आणि तू एक लाल सोंगटी पुढं सरकवलीस. "ही तानी. हिची बारा मेंढरं हैत. येरळा नदीच्या पलीकडनं निघालीया. कोकणात चारून, समदी मेंढरं घिऊन परत घरला यायची हाय." पटाला वेढा घालून मधल्या घरात यायचं, हा तर सोंगट्यांचा मूळचाच नियम. तू त्याच्यावर माणूस बसवलंस. मला आधी ते पोरखेळ वाटलं. पण आपली दोघांची घरं मेंढरांमागं फिरलेली. तानी आज कुठल्या गावात मेंढरांचा वाडा घालून बसली, कुणी तिला पाणी दिलं, कुणी कुत्रं सोडलं, हे तू दान टाकता टाकता सांगायचीस आणि मी माझं दान टाकायचं विसरायचो.

तेव्हा मरणाचा कायदा एकच होता. मारली की मेली. तो माझा कायदा. एके दिवशी मी तुझी एक सोंगटी मारली आणि म्हणालो, "पडली म्हंजे मेली. उचल."

तू म्हणालीस, "पडली म्हंजे मेलीच कशावरनं? बघितलं का वाकून?"

माझा हात तिथंच थांबला. तू सहज बोललीस. तुला माहीत नव्हतं, कारण पंचवीस वर्षं मी कुणाला सांगितलंच नव्हतं. पलटणीत असताना बर्माच्या रानात आमचा गणपा ओढ्याच्या कडेला पडला. मी दहा पावलांवर होतो. हवालदार म्हणाला, चलो आगे. मी पुढं गेलो. वाकून बघितलं नाही. माघारी आलो तर तिथं कुणी नव्हतं. मेला होता का, जिवंत होता, कुणी नेला का ओढ्यानं नेला, मला आजवर कळलं नाही. पडला म्हंजे मेला, असं मी स्वतःला सांगत आलो, कारण दुसरं काही सांगितलं असतं तर मला भाकरी गेली नसती.

ते मी त्या दिवशी पटावर बसून तुला सांगितलं. तू ऐकून घेतलंस. उठून चहा टाकलास, गुळाचा. दुसऱ्या दिवशी पट मांडताना खाली बघूनच म्हणालीस, "आजपासनं पडलेल्याला तीन दानं."

कायदा असा झाला. सोंगटी मारली तर ती पडली म्हणायची, मेली नाही. तिच्या मालकानं तीन दानं टाकायची. सहातल्या चार कवड्या उताण्या पडल्या की ती उठली. तीनही दानं फुकट गेली तरच मेली. आणि दर दानाआधी पडलेल्याला नावानं हाक मारायची, ती मारणाऱ्यानं.

"मारणाऱ्यानं का?" मी विचारलं.

"ज्यानं पाडलं त्याला नाव ठावं पायजे."

मेलीच, तर उचलायच्या आधी दोघांनी तिच्याविषयी दोन शब्द बोलायचे. खोटं बोलायचं नाही आणि वाईट बोलायचं नाही. हे लय अवघड. माझी एक सोंगटी मेली तेव्हा तू बराच विचार करून म्हणालीस, "खादाड हुता. पर गाभण मेंढीला कवा काठी मारली न्हाई." मला त्या लाकडाच्या तुकड्याचं खरंच वाईट वाटलं. ह्या सगळ्यात माझा कायदा एकच राहिला, मेलेल्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. तो तू मान्य केलास, आणि म्हणून तानीला जपलीस. तुझ्या बाकीच्या कितीतरी मेल्या. तानी पडायची, मी तीन-तीनदा हाका मारायचो, आणि ती उठायची.

मी काय केलं ते सांगू का? तुला आठवत असणार. त्या हाकेच्या कायद्यात मला एक भोक सापडलं. मी माझ्या सगळ्यात पुढच्या सोंगटीला माझंच नाव दिलं, किसना. तू नवऱ्याचं नाव घेणार नाहीस. नाव न घेता हाक कशी मारशील? हाक नाही तर दान नाही. दान नाही तर मरण नाही. किसनाला कुणी मारूच शकत नव्हतं. दोन दिवस मी राजासारखा खेळलो. तिसऱ्या दिवशी तू त्याला पाडलास. हौसा बघायला बसली होती. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास, घसा खाकरलास आणि म्हणालीस,

"कडेगावच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी,
किसनराव उठा आता, शाबूत हाय कुडी."

हौसाला हसून हसून उचकी लागली. "आवं भावजी, टाका की दान. मालकिणीनं नाव घेतलंय, आता तरी मरा." मी टाकलं. तिन्ही फुकट गेली. मेलो. दोन शब्द बोलायच्या वेळी तू म्हणालीस, "माणूस चांगला हुता. लबाडी त्याला जमत नव्हती." मग त्याच नावाची नवी सोंगटी मला घेता येईना, माझाच कायदा आडवा आला. त्याला तू सूट दिलीस. म्हणालीस, नवरा एकच हाय, ऱ्हाऊ द्या.

एक भांडण मात्र मिटलं नाही. तिसऱ्या दानाला तीन उताण्या आणि तीन पालथ्या पडल्या तर काय? एकदाच पडल्या तशा, दोन वर्षांमागं, तेही माझ्या सोंगटीला. मी म्हणालो, चार नाहीत, मेली. तू म्हणालीस, "तीन-तीन म्हंजे जीव हाय, पाय न्हाईत. दुसऱ्यानं आपलं चालणं सोडून त्याला फुलीपतोर न्यायचं."

"दुसऱ्यानं म्हंजे कुणी? पटावर दुसरा वैरी. वैरी कवा खांद्यावर घेतो का?"

"पटावर कसला वैरी. डाव उठला की येकाच पिशवीत जात्यात समद्या."

सोंगटी माझी होती. वाचली असती तर माझाच फायदा होता. तरी मी हट्टानं उचलून बाहेर ठेवली. तू त्या दिवशी ताटात भाकरी आपटून वाढलीस आणि दोन दिवस पट मांडला नाहीस. मला कळत होतं तू बरोबर आहेस. पण दहा पावलं माघारी फिरून कुणाला खांद्यावर घेता येतं, असं मी कबूल केलं असतं, तर मग बर्मात का नाही फिरलो, हे स्वतःला विचारावं लागलं असतं. ती तीन दानं तू माझ्यासाठी काढलीस, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

कराडला दवाखान्यात नर्स म्हणाली, बोला त्यांच्याशी, त्यांना ऐकू जातं. मी वाकलो. "अगं," म्हणालो. पुढं काही येईना. चाळीस वर्षं मी तुला "अगं" म्हणालो. लग्नात माझ्या आईनं तुझं नाव रुक्मिणी ठेवलं, ते रेशनकार्डावर राहिलं. त्या वेळी ते तरी म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण ते नाव माझ्या जिभेला सरावाचं नव्हतं. परक्या बाईला हाक मारल्यासारखं वाटलं असतं. मी पुन्हा "अगं" म्हणालो आणि तुझा हात धरून बसलो. हात गार होता.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी चुलती आली, विट्याच्या पुढनं, तुझ्या माहेरच्या वाडीवरनं. लग्नानंतर मी तिला एकदाच पाहिलेली, तुझा बाप वारला तेव्हा. सकाळी जाऊन दुपारी परतलो होतो. म्हातारी कमरेत वाकलेली. दारातनं आत आली, तुझ्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि तिनं जो गळा काढला तो असा, "तान्ये, ऊठ की गं. कुठं गेलीस गं माझी तानी."

मी भिंतीला टेकून बसलो होतो, तो सरळ झालो. मला वाटलं म्हातारीला पटाचं कुणी सांगितलं. मी हौसाकडं बघितलं. ती पण माझ्याकडं बघत होती.

"मामी, तानी कोण?"

"आं? कोण म्हंजे? तिचं नाव की. तुमच्या आईनं बदललं, म्हून काय आमी बदलायचं व्हय, पाव्हणं?"

धाकटा भाऊ तुला आक्का म्हणायचा. आई तुझी लहानपणीच गेली. बापाला मी दोनदा भेटलो. लग्नात ते नाव माझ्या कानावर पडलं असेलही, पण मी तेव्हा एकवीस वर्षांचा आणि फेटा घट्ट झाला म्हणून कावलेला. विसरलो. आणि तू? ज्याला तुझं नाव ठाऊक नाही, त्याच्यासमोर ती लाल सोंगटी ठेवलीस आणि सांगितलंस, ही तानी. मी हसलो पण होतो, काय नाव काढलंस म्हणून.

म्हातारी रडत होती आणि मी मनात त्या कायद्याकडं बघत होतो. मारणाऱ्यानं हाक मारायची, दर दानाला, नावानं. दुष्काळापासनं किती डाव झाले. किती वेळा मी तानीला पाडली आणि किती वेळा सोप्यात बसून मोठ्यानं हाक मारली, तानी, ए तानी, ऊठ. कधी चिडवून मारली, कधी घाईनं. एकदा तापात होतो तेव्हा खरंच उठावी म्हणून मारली. आणि तू खाली मान घालून कवड्या हलवायचीस आणि ऐकायचीस. लबाड बाई. नवऱ्याच्या तोंडनं आपलं नाव काढून घ्यायला एवढा मोठा कायदा केलास, आणि मला पत्ता लागू दिला नाहीस.

तेव्हापासनं माझं कराडचं दुखणं थोडं उतरलं. तिथं माझ्याच्यानं हाक मारवली नाही ते खरं. पण हाका तू आधीच घेऊन ठेवल्या होत्यास.

तेरावा झाला. पोरगा परत गेला. जाताना म्हणाला, पावसाळ्यानंतर न्यायला येतो. ये म्हणालो. चौदाव्या दिवशी दुपारी मी डालगं उचललं. म्हातारी खांबाला टेकून बसली होती, तिच्या गुडघ्यांनी तिला इथं अडकवून ठेवलेलं. हौसा चुलीवरचं सोडून आली.

तुझं दान कुणी टाकायचं, ह्याचा कायदा आपण केला नव्हता. तू कधी माहेरी, पाव्हण्यांत कुठं गेलीस की पट थांबायचा. ह्या वेळी थांबवून चालणार नव्हतं. नाही टाकलं तर तानी कायमची पडलेलीच राहील, न मेलेली, न उठलेली. तसा एक माणूस मी तीस वर्षं सांभाळतोय. दुसरा नको.

"तुमीच टाका, भावजी," हौसा म्हणाली. "पाडलं तुमी."

मी हाक मारली. पहिल्यांदाच कुणाला मारतोय हे ठाऊक असून मारली. "तानी." म्हातारीनं दाराकडं वळून बघितलं.

कवड्या टाकल्या. तीन उताण्या. तीन पालथ्या.

हौसा पटाजवळ सरकली. तिला ते भांडण पाठ होतं. मग हळूच म्हणाली, "मेली म्हनायची का?"

माझा किसना मधल्या घरापासनं चारच घरं लांब होता. एक बरं दान पडलं असतं की डाव माझा होता. मी त्याला उचलला, होता तिथनं माघारी आणला, सगळी वाट माघारी, तानीच्या शेजारी ठेवला. मग दोन्ही सोंगट्या दोन बोटांत धरून एक घर पुढं सरकवल्या, फुलीवर.

"तुमी हरलासा की मग," हौसा म्हणाली.

"व्हय. ती म्हणत हुती तेच बरुबर."

"तिला सांगाय पायजे हुतं हे."

"सांगणार हाय."

हे तेच सांगणं आहे. चौथीपर्यंतच्या शाळेवर जेवढं लिहिता येतं तेवढं. तुला वाचता येत नव्हतं, आणि मला बोलता येत नव्हतं, तेव्हा दोघांची फिट्टंफाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हातारीला म्हणालो, चला मामी, तुम्हाला वाडीवर सोडतो. ती म्हणाली, नातवाला निरोप धाडा, तो नेईल. मी म्हणालो, मलाच यायचंय. म्हैस हौसाकडं सोपवली, धुतलेला सदरा घातला, म्हातारीला काठीच्या बाजूनं धरली आणि कडेगावच्या स्टँडवर गेलो. विट्याची गाडी भरलेली होती. एकानं उठून म्हातारीला जागा दिली, मग तिनंच त्याला दटावून मलाही जागा करून दिली. गाडी सुटली. दोन्हीकडं उसाला पाणी चाललं होतं. थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं,

"मामी, तानी ल्हान असताना कशी व्हती?"

म्हातारीनं तोंडातली तंबाखू खिडकीबाहेर टाकली आणि पदरानं तोंड पुसलं.

"येक नंबरची भांडकुदळ. खेळात हरली की नवा कायदा काढायची. तिकीट कुठवरचं काढलंय, पाव्हणं?"

"तुमच्या वाडीपतोर."

"मग सांगते समदं," ती म्हणाली आणि माझ्याकडं सरकून बसली.